तंबोऱ्याचे हितचिंतक

वाई

मिरजेला जाऊन आले, एवढ्यावर कुणी प्रवासवर्णन लिहीत नाही. आमच्या वाईतले कितीतरी लोक ऑपरेशनसाठी मिरजेला जातात आणि परत आल्यावर टाके दाखवतात, पण लिहीत कुणी नाही. मी लिहिते आहे, कारण मी एकटी नव्हते. माझ्याबरोबर तंबोरा होता. ज्यांनी तंबोरा घेऊन कधी प्रवास केलेला नाही, त्यांना आपली माणसं मदतीला किती तत्पर असतात आणि त्या मदतीतून काय वाचेल काय नाही, याची कल्पना येणार नाही.

मी शाळेत संगीत शिकवते आणि घरी गाण्याचा क्लास घेते. आमच्या इथल्या संगीत मंडळाच्या संमेलनात मी वर्षानुवर्षं गात आले आहे, म्हणजे ईशस्तवन गात आले आहे. पाहुण्यांना हार घालून होईपर्यंतचा वेळ भरून काढणारं जे गाणं असतं, ते माझं. या वर्षी पुण्याच्या एका गायिकेनं ऐन वेळी नाही म्हटलं आणि मंडळाच्या अध्यक्षांना मी गाते हे आठवलं. पूर्ण मैफल मिळाली. माझ्या जुन्या तंबोऱ्याच्या दांडीला बाक आला होता, तो सुरात राहीना. म्हणून मी मिरजेच्या रफिकभाईंकडून नवा मागवला. शाळेच्या परीक्षा चालू होत्या, मला जाता येईना, म्हणून तो ट्रान्सपोर्टनं मागवला.

"तंबोरा कशाला हवा मॅडम?" अध्यक्ष म्हणाले होते. "मोबाईलवर येतो आता. अ‍ॅप आहे. वाकत नाही, फुटत नाही, जागा अडवत नाही."

जागा न अडवणारे कलाकार आमच्या मंडळाला फार आवडतात.

सातारा

पार्सल साताऱ्याच्या गोडाऊनला आल्याचा निरोप आला तेव्हा मैफल दोन दिवसांवर होती. परीक्षाही संपल्या होत्या. त्याच सकाळच्या एसटीनं गेले. पेटारा दिसला तो आडवा, आणि त्यावर एक फ्रिज उभा. पेटाऱ्यावर रफिकभाईंनी लाल रंगात 'नाजूक माल' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं आणि वरची बाजू कोणती ते कळावं म्हणून बाण काढला होता. बाण पुण्याकडे रोखलेला होता.

फ्रिज हलवला, पेटारा उघडला. आत भोपळा एकीकडे आणि दांडी एकीकडे. भोपळ्याला मधोमध तडा, आणि एक कपची हातात आली ती नारळाच्या करवंटीसारखी. मी तशीच खाली बसले. रडू आलं नाही. घरातलं कुणी घसरून पडलं की आपण चाचपतो, तशी कुठे कुठे लागलंय ते चाचपत राहिले.

तिथले व्यवस्थापक चांगले माणूस होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग म्हणाले, "पोचला की माल."

"मोडून पोचलाय."

"मॅडम, आमच्याकडं एक नग आला, आमी एक नग दिला. आतमधी किती तुकडं हायत ते आमी कसं सांगायचं?"

"वर 'नाजूक' लिहिलंय."

"ते सगळेच लिवत्यात. परवा एकानं सिमेंटच्या खांबावर लिवलं व्हतं." त्यांनी आवाज खाली आणला. "आनि खरं सांगू का, नाजूक लिवलं की हमाल चिडत्यात. त्यांना वाटतं आपल्यावर इस्वास न्हाई."

नुकसानभरपाईचं विचारलं. त्यासाठी वस्तू पाठवताना धड होती हे मला सिद्ध करायचं होतं. मोडलेला तंबोरा कुणी मुद्दाम रंगरोगण करून, कापसात गुंडाळून, वाईला पाठवत असेल का, असं मी विचारलं. त्यांनी खरोखर विचार केला आणि म्हणाले, "माणसं काय बी करत्यात."

मी घरी परत जायला हवं होतं. पण घरी गेले असते तर अध्यक्षांचं अ‍ॅप जिंकलं असतं. तेवढ्यात स्टँडवर मिरज गाडी लागल्याचं कळलं, आणि मी दोन तुकड्यांसह तीत चढले.

मिरजेच्या गाडीत

गाडीत शिरताच एक गृहस्थ उठले, माझ्या हातातली दांडी ओढून घेतली आणि ती वरच्या फळीवर दोन पत्र्याच्या ट्रंकांच्या मध्ये ढकलत म्हणाले, "बिनधास्त बसा मॅडम." या शब्दाची मला तेव्हापासून धास्ती बसली आहे. त्या प्रवासात जो जो माणूस बिनधास्त म्हणाला, त्याच्या त्याच्या हातून काहीतरी सुटलं. मी दांडी परत काढून घेतली. त्यांना ते आवडलं नाही. कऱ्हाडपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले.

भोपळा मांडीवर होता. शेजारी पटका बांधलेले एक म्हातारबा होते. कवठे महांकाळकडचे धनगर, मेंढरं कऱ्हाडच्या वरच्या अंगाला बसवली होती आणि ते घरच्या कामासाठी चालले होते. त्यांनी बराच वेळ भोपळ्याकडे पाहिलं.

"भोपळा हाय न्हवं?"

"हो."

"आत काय हाय?"

"काही नाही. पोकळ आहे."

"मग एवढं जपताय कशाला?"

आतली पोकळीच तर जपायची असते, हे मला सांगता आलं असतं, पण बसमध्ये असलं बोलायला धीर लागतो. मी म्हटलं, "वाजतो हा. गाताना लागतो."

"आसं व्हय. आमचा ढोल बी पोकळच असतुया," ते म्हणाले. कऱ्हाड सोडल्यावर दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या रस्ता अडवून निघालेल्या, प्रत्येक ट्रॅक्टरवर घरापेक्षा मोठा स्पीकर. गाडी खड्ड्यात आदळली की म्हातारबा एक हात भोपळ्याखाली धरायचे. त्या गाडीत बिनधास्त न म्हणणारे तेवढे एकटेच होते.

मिरज

वाद्यांच्या गल्लीत रफिकभाईंचं दुकान आहे. त्यांनी माझ्या हातातले तुकडे पाहिले आणि आधी मला नमस्कारही केला नाही.

"ताई, हे मोडलं न्हाई. मोडीवलंय."

"मलाही तसंच वाटतं."

"पार्सलनं का मागीवला? लेकीला सासरी पार्सलनं धाडता का तुमी?"

"पण रफिकभाई, पार्सलनं पाठवला कुणी?"

त्यांनी चहा सांगितला.

चहा होईपर्यंत त्यांनी ट्रान्सपोर्टवाले, रस्ते, सरकार आणि अ‍ॅपवर गाणारे यांचा उद्धार केला. रफिकभाई विनयशील वगैरे अजिबात नाहीत. हिंदुस्थानात गाणं टिकून आहे ते आपल्या गल्लीमुळं, गवयांचा त्यात फारसा संबंध नाही, असं त्यांचं मत आहे. माझा तंबोरा दुरुस्त व्हायला कितीतरी दिवस लागणार होते. मैफल परवा, असं सांगितल्यावर त्यांनी कोपऱ्यातला एक झाकलेला तंबोरा काढला. हा जर्मनीच्या एका बाईंसाठी तयार होऊन पडला होता.

"हा न्या तुमी. तिला पुढचा दीन. तिला काय घाई न्हाई, तिकडच्या थंडीत गळा बसतोयच."

जर्मन बाईंबद्दल मला वाईट वाटायला हवं होतं. तारा छेडल्या आणि वाईट वाटायचं राहून गेलं. असा आवाज माझ्या हातात कधी आला नव्हता. रफिकभाई सकाळी जवारी, म्हणजे घोडीवरचा तारांचा झंकार, आणखी नीट करून देतो म्हणाले, म्हणून रात्री सांगलीला मामेबहिणीकडे राहिले.

सांगलीच्या माणसांचं मला नेहमी नवल वाटतं. आमच्या वाईत पाहुणा आला की आधी 'किती दिवस?' असा प्रश्न डोळ्यांत येतो, मग चहा. इथे दारातच भडंगाची परात आली, कांदा-कोथिंबीर मारून, वर शेंगदाणे. खाऊन होतंय तोवर ज्वारीची भाकरी आणि खर्डा. कृष्णा आमचीही आणि त्यांचीही. आमच्याकडे ती घाटाच्या पायऱ्यांशी बेतानं वाहते. इथे ती रुंद होते आणि पावसाळ्यात घरात शिरते. त्यामुळे असेल, या लोकांना घरात कुणी शिरलं तर काही वाटत नाही.

मिरज ते सुरूर फाटा

दुसऱ्या दिवशी रफिकभाईंच्या दुकानात एक नवराबायको बसले होते. ढोलकीला नवी चामड्याची पुडी बसवून न्यायला आले होते. संगीता कांबळे आणि दिलीप कांबळे, कवठे महांकाळचे. त्यांची भीमगीतांची पार्टी आहे. संगीता गाते, दिलीप ढोलकी वाजवतो, आणि एक भाचा कीबोर्डवर असतो, तो आदल्या दिवशीच पुढे गेला होता. त्या संध्याकाळी खंडाळ्याला, लोणावळ्याजवळच्या नव्हे, आमच्या सातारा जिल्ह्यातल्या, एका विहाराच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम होता.

"खंडाळ्याला म्हंजी वाईच्या फाट्यावरनंच," संगीता म्हणाली. "चला की मॅडम आमच्या टेम्पोत. एसटीत हे कुठं घिऊन बसताय?"

टेम्पोत दोन स्पीकर, माईकचे स्टँड, वायरींची पोती आणि एक जाड गादी होती. गादीवर कीबोर्ड होता. संगीतानं तो उचलला, वायरींच्या पोत्यावर ठेवला आणि गादी माझ्या तंबोऱ्याला दिली. मी नको म्हटलं.

"आवं, त्यो प्लॅस्टिकचा हाय. त्याला काय हुतंय? हे भोपळ्याचं."

पेठ नाक्याच्या अलीकडे एका ढाब्यावर अख्खा मसूर खाल्ला. दिलीपनं वाद्यं दिसतील अशा बेतानं टेबल निवडलं होतं. जेवताना संगीतानं सांगितलं की त्यांचा आधीचा साउंडचा मिक्सर दिल्लीहून मागवला होता, तो खोक्यातून ओतून काढावा लागला. पेटी होती, ती कीबोर्ड आल्यावर विकून टाकली. "पार्टीला आता पेटी चालत न्हाई. लोक म्हंत्यात, भजन हाय का?"

मी तिला विचारलं, गाणं कुठं शिकलात. "आईच्या मागं," ती म्हणाली. "ती पार्टीत कोरसला हुती. मी तिच्या पदराला." मग तिनं मला तेच विचारलं. मी माझ्या परीक्षा, पदव्या सांगितल्या. तिनं मन लावून ऐकलं आणि म्हणाली, "मग एवढं शिकून कार्यक्रम किती झालं?" मी मसुरात लिंबू पिळलं.

कऱ्हाडपासून महामार्गाचं काम चाललेलं. थोड्या थोड्या अंतरावर रस्ता डावीकडे वळवलेला, पुन्हा उजवीकडे वळवलेला, आणि मध्ये अचानक उंचवटे. मी पुढे बसून मागच्या काचेतून तंबोऱ्याकडे बघत होते. प्रत्येक उंचवट्याला माझा जीव वर जायचा आणि तंबोरा गादीवर राजासारखा पहुडलेला असायचा. बाकीच्या सामानाकडे मी पाहिलंच नाही.

सुरूर फाट्याला टेम्पो थांबला. तंबोरा उतरवायला दिलीपनं मागचं फाळकं उघडलं आणि तो नुसता उभा राहिला. एक स्पीकर सरकून कीबोर्डवर कलला होता. मधल्या पट्ट्या आत बसल्या होत्या. फाट्यावरच्या चहावाल्याकडे वीज घेऊन लावून पाहिला. दिवा लागला, आवाज नाही.

संगीतानं दबलेल्या पट्ट्या नखानं उचलून पाहिल्या, एकेक करून. दिलीप म्हणाला, "मी म्हनत व्हतो, दोरी बांदूया." तिनं मान वर न करता सांगितलं, "आता नको." माझा तंबोरा गादीवर धडधाकट होता आणि वाईची गाडी समोर येऊन लागत होती. कंडक्टर 'चला वाई, वाई' करत होता.

"तुमी जावा मॅडम," संगीता म्हणाली. "तुमची गाडी आली."

"तुमचं गाणं कशावर होणार?"

"बघू. नुसत्या ढोलकीवर गाऊ. सूर लागला तर लागला."

गाडी गेली. मी टेम्पोतच बसून राहिले. तिनं मला उतरायला पुन्हा सांगितलं नाही. दिलीपनं टेम्पो सुरू केला आणि आम्ही खंबाटकीचा घाट चढलो.

खंडाळा

विहारासमोर मांडव, निळ्या पताका, पुढे सतरंजीवर बायका-मुलं आणि मागे खुर्च्या. भाच्यानं कीबोर्ड पाहिला आणि तो आमच्या सगळ्यांकडे असा बघायला लागला की जणू आम्हीच तो मारला आहे. ते खरंच होतं.

संगीताची पट्टी माझ्यापेक्षा वरची. जर्मनीला जायच्या तारा मी खंडाळ्यात ताणायला घेतल्या. खुंटी पिळताना डोळे मिटून घेत होते. एक तार तुटली असती तर तिचं गाणं गेलं असतं आणि माझी मैफलही. तार राहिली. माईकवाल्यानं तंबोऱ्याला माईक कुठे लावायचा विचारलं, तर मला सांगता येईना. आयुष्यात माझ्या तंबोऱ्याला कुणी माईक लावलाच नव्हता.

निवेदकानं जाहीर केलं, "आज आपल्यासमोर प्रथमच, वाईच्या सुप्रसिद्ध तंबोरावादक मॅडम." मी एका रात्रीत सुप्रसिद्ध झाले, तेही दुसऱ्याच गोष्टीसाठी.

पहिलं गाणं पाळणा होता. संगीतानं दिलीपला हातानं थांबवलं आणि नुसत्या तंबोऱ्यावर सुरू केलं. मी मागे बसले होते, मला तिची पाठ आणि मानेवरचा घाम दिसत होता. पहिल्या ओळीला मांडवात गलका होता, मुलं धावत होती. दुसऱ्या ओळीला पुढच्या बाया गप्प झाल्या, मग त्यांनी मागच्यांना गप्प केलं. तिचा षड्ज माझ्या तारांमध्ये असा येऊन बसला की आवाज कुठून येतोय ते मलाच कळेना. माझ्या मनात एक वाईट विचार आला, तोही सांगून टाकते. ही माझ्यापेक्षा चांगली गाते, आणि हिला हे ठाऊक नाही. पुढच्या गाण्याला तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा कळलं, तिला ठाऊक आहे.

नंतरच्या गाण्यांना ढोलकी आली, टाळ्या आल्या आणि माझा तंबोरा त्यात बुडून गेला. तरी मी वाजवत राहिले. उठताना एक आजी माझ्याजवळ आल्या. "बाई, तुमचं वाद्य लय लाजाळू हाय. ते ऐकायचं तर समद्यांनी गप बसाय लागतंय." आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत तंबोऱ्यावर लेख येतात. त्यांत एवढं कुणी लिहिलेलं नाही.

त्यांनी मला घरापर्यंत सोडलं. उतरताना मी म्हटलं, उद्या माझं गाणं आहे, या. संगीता म्हणाली, कीबोर्ड सकाळी साताऱ्याला दाखवायचाय, येताना वाकडी वाट करतो.

पुन्हा वाई

संध्याकाळी सभागृहात गेले तर रंगमंचावर एका स्टँडला अध्यक्षांचा मोबाईल लावलेला.

"तुमचा मोडला असं कळलं," ते म्हणाले. "म्हटलं आपण सोय करून ठेवावी."

मी गवसणी काढून तंबोरा दाखवला. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी पट्टी आधीच लावून ठेवली होती. मग त्यांना मुद्दा सापडला. "पण वाजवणार कोण? आपण कुणाला सांगितलेलं नाही."

हे खरं होतं. मी बाहेर आले. संगीता आणि दिलीप मागच्या भिंतीला टेकून उभे होते. पुढच्या तीन रांगा रिकाम्या होत्या, त्या निमंत्रितांसाठी राखीव होत्या आणि निमंत्रित आलेले नव्हते. एका स्वयंसेवकानं या दोघांना तिथून उठवलं होतं, असं दिलीपनं मागाहून सांगितलं. संगीतानं सांगितलं नाही.

"संगीता, माझ्या मागं बसाल?"

"मला ते वाजवाय येत न्हाई, ताई."

"काल मला तुमची गाणी तरी कुठे येत होती?"

रंगपटात तिला बोटं दाखवली. पहिल्यांदा ती ढोलकीच्या लयीत छेडायला लागली. मी म्हटलं, ताल विसरा, पाणी वाहतं तसं. तिनं डोळे मिटले आणि तारा एकमेकींत मिसळायला लागल्या.

मैफल बरी झाली. बरी म्हणजे, विलंबितात मी थोडी घाबरले, पुढे सावरले आणि एका जागी, वरच्या सुरावर, माझा मलाच विसर पडला. मागून तंबोरा एकदाही थांबला नाही. दोन वेळा मला हळूच 'व्वा' ऐकू आलं. पुढच्या रांगा रिकाम्याच होत्या, म्हणजे ते मागूनच आलं.

शेवटी अध्यक्ष आभार मानायला उठले. तबल्याचे आभार मानले, पेटीचे मानले, फुलं देणाऱ्यांचे, सतरंज्या देणाऱ्यांचे मानले. तंबोऱ्यापाशी अडले. माईकवर हात ठेवून मला हळूच विचारलं, "या आपल्या शिष्या ना?"

"नाही. गायिका आहेत."

"नाव?"

"संगीताताई."

"आडनाव काय यांचं?"

आमच्या गावात हा प्रश्न कशासाठी विचारतात, ते मला माहीत आहे, संगीतालाही माहीत होतं. मी म्हटलं, "त्यांनाच विचारा."

विचारायची वेळ आली नाही. तिनं तंबोरा माझ्या हातात दिला, नीट, भोपळ्याखाली हात घालून. पदर खोचून उठली, अध्यक्षांच्या हाताखालून माईक काढून घेतला आणि सराईतपणे तोंडापासून योग्य अंतरावर धरला.

"नमस्कार वाईकर. मी संगीता दिलीप कांबळे, मुक्काम कवठे महांकाळ. भीमगीतं, पाळणे, लोकगीतं. लग्न, वाढदिवस, जयंती, काय बी कार्यक्रम असू द्या, आमी येतो."

मग तिनं मोबाईल नंबर सांगितला. लोक खिशातून फोन काढायला लागले, तशी थांबली आणि पुन्हा एकदा सावकाश सांगितला.